नाण्याची झीज

मुलुंड पश्चिमेला पाच रस्त्याकडून स्टेशनकडे यायला लागले की सोन्याचांदीची दुकाने लागतात. त्यांतल्या एका लहानशा दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसते ती वेळ साधून, मी रुमालात बांधलेली नाणी घेऊन गेलो. दुकानाचे मालक घरच्या ओळखीतले. आईच्या पाटल्या तिथेच घडल्या होत्या.

"काय, मोडायचंय काही?" रुमालाकडे बघत त्यांनी विचारले.

"नाही काका, वजन करायचंय."

"कशाचं?"

"रुपयाचं."

ते हसले. "माझे आजोबा करायचे रुपयाचं वजन. आता रुपया कुणी मोजतही नाही."

तरी त्यांनी काट्यावरची काचेची पेटी उघडली आणि पंखा बंद केला. सराफाचा इलेक्ट्रॉनिक काटा मिलिग्रॅमपर्यंत बोलतो, म्हणून त्याला वाऱ्याची झुळूकही सोसत नाही. शेवटचा आकडा आपला नाचत राहतो. १९८५ सालचे तांबे-निकेलचे तीन रुपये मी एकामागून एक ठेवले. टांकसाळीतून निघताना यांतला प्रत्येक सहा ग्रॅमचा असायला हवा. टांकसाळही थोडी सूट ठेवते हे धरूनसुद्धा तिन्ही हलके भरले, आणि तिघांचे आकडे तीन. साल एक, धातू एक, शहर एक, पण एक बराच झिजलेला, एक मध्यम आणि एक जेमतेम.

"आमच्यात याला घट म्हणतात," काका म्हणाले. "सोनं हाताळलं की घट येणारच. नाणं काय वेगळं?"

ही घट किती, कोणत्या दराने होते आणि तिच्यावरून काय ओळखता येते, हा प्रश्न १९४० च्या सुमारास पुण्यातल्या एका गणिताच्या प्राध्यापकाने फार गंभीरपणे घेतला होता. अर्थशास्त्र आणि पदार्थविज्ञान यांची सोयरीक सांगताना लोक सहसा समीकरणांपासून सुरुवात करतात. मी तराजूपासून करतो आहे. माझ्या मते या दोन शास्त्रांची खरी भेट तराजूवरच झाली. बाकी बरेचसे एकमेकांच्या घरचे कपडे घालून मिरवणे होते.

*

दामोदर धर्मानंद कोसंबी यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. मुळात ते गणिती. गोव्यात १९०७ मध्ये जन्म, वडील पालीचे आणि बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद कोसंबी, शिक्षण हार्वर्डला, १९२९ मध्ये पदवी. मग बनारस, अलीगढ आणि पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. पुढे सोळा वर्षे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक. घर पुण्यात, नोकरी मुंबईत, आणि मध्ये डेक्कन क्वीन. मुलुंड, भांडुप, घाटकोपर ही आपली स्टेशने त्यांच्या खिडकीबाहेरून शेकडो वेळा न थांबता मागे गेली असतील.

नाण्यांचे काम मात्र पुण्यातले, टाटा संस्थेच्या आधीचे. संख्याशास्त्र शिकायचे तर हाताशी खरी आकडेवारी हवी, आणि ती तक्षशिलेच्या उत्खननात तयार मिळाली. तिथे १९१२ आणि १९२४ मध्ये चांदीच्या आहत नाण्यांचे दोन साठे सापडले होते. दुसऱ्यात हजाराहून अधिक नाणी होती. नाणकशास्त्री वॉल्श यांनी १९३९ मध्ये त्यांची वजनांसह यादी प्रसिद्ध केली.

आहत नाणे म्हणजे चांदीच्या पत्र्याचा कापलेला तुकडा. त्यावर ठसे मारलेले: सूर्य, टेकडी, झाड, प्राणी. पुढच्या बाजूला बहुधा पाच ठसे. राजाचे नाव नाही, साल नाही, अक्षर नाही. मागच्या बाजूला कधी काहीच नाही, कधी एक बारीक खूण, कधी दोन, कधी डझनभर. या नाण्याचे, म्हणजे कार्षापणाचे, ठरलेले वजन ३२ गुंजा, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर. नाणकशास्त्री ठशांच्या चित्रांवर वर्षानुवर्षे वाद घालत होते: हा सूर्य कुणाचा, ही टेकडी मौर्यांची की आणखी कुणाची? कोसंबींनी चित्रे बाजूला ठेवून वजने बघितली.

त्यांचा विचार असा. नाणे हातात घेतले, पिशवीत टाकले, दुसऱ्या नाण्यावर घासले की त्याची चांदी कणभर जाते. किती जाईल ते त्या वेळी सांगता येत नाही. कोणाचा हात खरखरीत, कोणाची पिशवी भरगच्च. पण असे व्यवहार हजारो झाले की या बेभरवशाच्या कणांची बेरीज शिस्तीत वागू लागते. एका वेळी पाडलेल्या नाण्यांचे सरासरी वजन काळाच्या प्रमाणात सरळ रेषेत उतरते. त्याच वेळी त्यांच्यातली तफावतही वाढत जाते. टांकसाळीतून सगळी जवळपास सारखी निघालेली नाणी हळूहळू एकमेकांपासून पांगतात. मुलुंडच्या काट्यावर माझे तीन रुपये तीन आकडे दाखवत होते, ते हेच.

हे पांगणे समजून घ्यायचे असेल तर संध्याकाळी सातला घाटकोपरच्या पुलावर जावे, मेट्रोतून उतरलेली गर्दी लोकलकडे निघते तेव्हा. पुलावर आपण चालत नाही, चालवले जातो. एक धक्का डावीकडून, एक उजवीकडून, एक मागून. पुढचा धक्का कुठून येईल ते सांगता येत नाही, पण पाच मिनिटांनी आपण कुठवर पोचलो असू याचा अंदाज करता येतो, कारण सगळी गर्दी जिन्याकडेच वाहते आहे. अडचण एवढीच की आपल्याबरोबर मेट्रोतून उतरलेले चार मित्र तेव्हा आपल्या शेजारी नसतात. गर्दी सरासरीने पुढे सरकते आणि आतल्या आत पांगते. त्यातही एक नेम आहे: चौपट वेळ गेला तर पांगापांग चौपट होत नाही, दुपटीच्या आसपास होते. धक्के कधी या बाजूचे, कधी त्या बाजूचे, म्हणून काही एकमेकांना खोडून काढतात.

हे गणित खरे नाण्यांना लागू पडते का, हे बघायला कोसंबींनी आपल्या काळातली, बाजारात फिरणारी हजारो नाणी एकेक करून स्वतः तोलली. या नाण्यांवर साल छापलेले असते, म्हणजे वय माहीत. वजन आणि वय समोरासमोर मांडले की नियम खरा की खोटा ते कळते. नियम खरा निघाला. एक चांगला गणिती प्रयोगशाळेतल्या तराजूपुढे बसून चिल्लर मोजतो आहे, हे दृश्य त्या वेळी बघणाऱ्यांना कसे वाटले असेल कोण जाणे. मला तरी ते मराठीतल्या विज्ञानकथांपेक्षा जास्त रम्य वाटते.

आता तक्षशिला. तिथल्या नाण्यांवर साल नाही, पण पाठीवरच्या खुणा आहेत. कोसंबींनी पाठीवर एकही खूण नसलेली, एक खूण असलेली, दोन खुणा असलेली, अशी नाणी वेगवेगळी केली आणि प्रत्येक गटाचे सरासरी वजन काढले. खुणा वाढत गेल्या तसे वजन उतरत गेले. म्हणजे या खुणा राजाच्या नव्हेत. कोणीतरी ठराविक काळाने नाणे हातात घेऊन, तपासून, ते अजून चालेल अशी खूण पाठीवर मारत होता. हे कोणीतरी म्हणजे व्यापाऱ्यांच्या श्रेणीचे पारखी, असे कोसंबींचे म्हणणे. दुसऱ्या शब्दांत, नाण्याच्या पाठीवर घड्याळ होते आणि ते सरकारने नव्हे, बाजाराने चालवलेले होते. १९२४ च्या साठ्यात अलेक्झांडरची आणि त्याच्या मागून गादीवर आलेल्या फिलिपची नाणीही होती, आणि ती नवीकोरी. त्यामुळे साठा जमिनीत कधी गेला याचा अंदाज करता आला, आणि तिथून मागे मोजत कोणते ठसे जुने, कोणते नवे, असा क्रम लावता आला.

राजांच्या नावांबद्दलचे त्यांचे सगळे निष्कर्ष नाणकशास्त्र्यांनी मान्य केले असे नाही. त्यांचे काही आक्षेप रास्तही होते: जड नाणी लोक वितळवतात, मग उरलेल्यांची सरासरी फसवी ठरते, एकाच साठ्यातली नाणी एकाच वेगाने फिरली असतील असेही नाही. पण पद्धत टिकली. फेब्रुवारी १९६६ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'ने या विषयावर त्यांचा लेख छापला. त्यानंतर चारच महिन्यांनी, जूनमध्ये, पुण्यात त्यांचे निधन झाले.

*

महाराष्ट्रात या पारख्यांची आठवण अजून घरोघरी आहे, दारावरच्या पाट्यांवर. पोतदार, सराफ, पारखी. पेशवाईत एकाच बाजारात अंकुशी, चांदवडी आणि आणखी कितीतरी टांकसाळींचे रुपये फिरत. प्रत्येकाची चांदी वेगळी, झीज वेगळी, म्हणून प्रत्येकावर बट्टा वेगळा. वसुलीचा पैसा पोतदार पारखून घेई: रुपया दगडावर वाजवून ऐकायचा, कडा बघायच्या, शंका आली तर कस लावायचा. खणखणीत नाणे हा शब्दप्रयोग आपण माणसांना लावतो, पण तो मूळचा ध्वनिशास्त्राचा. चांगल्या चांदीचा नाद लांबतो, भेसळीचा बसतो.

कंपनी सरकारने १८३५ मध्ये सगळीकडे एकच रुपया आणला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. तोळाही तेवढाच. त्यामुळे रुपया हे पैशाबरोबर वजनाचे मापही झाले, आणि वैद्यांच्या आणि आज्यांच्या तोंडी 'रुपयाभार' शब्द बसला. पण वजनाचे मापच झिजणारे असेल तर? कायद्याने त्याचीही सोय केली होती. १९०६ च्या नाणे कायद्यात चांदीचा रुपया वजनात दोन टक्क्यांपर्यंत उतरलेला असेल तोवरच तो पुरा रुपया मानायचा होता. हे दोन टक्के म्हणजे पदार्थविज्ञानाला दिलेला बट्टाच.

मग चांदी गेली, निकेल आले, पोलाद आले. १९७५ चा रुपया आठ ग्रॅमचा होता, १९८३ पासून सहाचा, १९९२ चा पोलादी ४.८५ चा आणि २०११ चा ३.७९ चा. ही दुसऱ्या प्रकारची झीज, सरकारी. तिला हातांची गरज नसते.

*

तराजूपुढे बसणारे कोसंबी पहिले नव्हते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगणाऱ्या कोपर्निकसने प्रशियाच्या बिघडलेल्या नाण्यांवर एक निबंध लिहिला. त्याचा शेवटचा खर्डा १५२६ चा. चांगले आणि हिणकस नाणे एकाच किमतीने चालवले तर लोक चांगले दडवतात आणि हिणकस पुढे सरकवतात, हे त्यात आहे. फाटकी नोट आधी रिक्षावाल्याला देणारा प्रत्येक अंधेरीकर हे जाणतो.

न्यूटन तर चक्क नोकरीलाच लागला. १६९६ मध्ये तो लंडनच्या टांकसाळीत आला आणि १६९९ मध्ये तिचा मुख्य झाला. तेव्हा इंग्लंडभर लोक चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून विकत होते. उपाय म्हणून दातेरी कडा. आपल्या नाण्यांच्या कडांवर बोट फिरवले तर जे दाते लागतात, ती त्या भांडणाची निशाणी. खोटी नाणी पाडणाऱ्यांना न्यूटनने जातीने शोधून काढले. १७१७ मध्ये त्याच्या अहवालावरून सोन्याच्या गिनीची किंमत २१ शिलिंग ठरली. सोन्याचांदीचे हे प्रमाण बाजारभावाशी जुळत नव्हते, म्हणून चांदी देशाबाहेर जाऊ लागली आणि इंग्लंड नकळत सोन्याच्या चलनावर गेले. चंद्राची गती मोजणाऱ्या माणसाचा एका गुणोत्तराचा अंदाज चुकला आणि जगाची चलनव्यवस्था वळली. १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या फुगवट्यात त्याचे स्वतःचे पैसेही बुडाले, ही आणखी एक गोष्ट.

पण कोसंबींचा खरा पूर्वज तिसराच. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स. रसायनशास्त्र अर्धवट सोडून हा मुलगा १८५४ मध्ये, विशीही गाठलेली नसताना, सिडनीच्या टांकसाळीत सोन्याचा कस लावायला गेला. पाच वर्षांनी परतला आणि अर्थशास्त्रज्ञ झाला. १८६८ मध्ये त्याने इंग्लंडमधल्या सोन्याच्या सॉव्हरिनांची झीज अभ्यासली आणि सांगितले की सॉव्हरिन साधारण अठरा वर्षांत कायदेशीर वजनाखाली जाते. कोसंबींच्या आधी बहात्तर वर्षे, तोच प्रश्न, तोच तराजू. साम्य एवढ्यावर थांबत नाही. जेव्हन्सने १८६५ मध्ये कोळशावर पुस्तक लिहून इंग्रजांना बजावले की यंत्रे कमी कोळशात चालू लागली तर कोळसा वाचत नाही, उलट जास्त जळतो, कारण यंत्रे वाढतात. कोसंबीही इंधनावर लिहीत होते. तुर्भ्याला 'अप्सरा' ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली आणि त्याच सुमारास कोसंबी जाहीरपणे सांगत होते की भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणूच्या नव्हे, सूर्याच्या मागे लागावे. त्यांच्या संस्थेचे संचालक होमी भाभा, म्हणजे अणुकार्यक्रमाचेच प्रमुख. १९६२ मध्ये कोसंबींचा तिथला करार पुढे वाढवला गेला नाही. नाणी तोलणाऱ्या दोघांनीही इंधनाचा हिशेब मांडला, हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. जो झीज मोजतो त्याला 'हे पुरणार किती दिवस' हा प्रश्न पडणारच.

जेव्हन्स फसला तिथेही शिकण्यासारखे आहे. व्यापारातली मंदी दर दहा-अकरा वर्षांनी येते आणि सूर्यावरचे डागही साधारण तेवढ्याच काळाने वाढतात, हे बघून त्याने दोन्ही जोडले. दुवा काय, तर हिंदुस्थान! सूर्य बदलला की आपला पाऊस बदलतो, पीक बदलते, धान्याचा भाव बदलतो, आणि मग आपण इंग्लंडचा माल कमी घेतो. पुराव्याला त्याने दिल्लीतले जुने गव्हाचे भाव धुंडाळले. विचार धाडसी, आकडे बळेच बसवलेले. मात्र दिल्लीच्या गव्हाचा भाव लंडनच्या मंदीशी जोडून बघावा हे सुचायला माणूस पदार्थविज्ञानाच्या शिस्तीत वाढलेला असावा लागतो, आणि तिथे गोता खायलाही.

*

यापुढची गोष्ट मी थोडक्यात उरकतो, कारण पाठ्यपुस्तके तिचीच असतात. जेव्हन्स, वालरास आणि त्यांच्या पिढीच्या अर्थशास्त्रज्ञांनी तरफेचा तोल आणि यंत्रशास्त्रातले समतोल उचलून बाजाराला लावले. मागणी-पुरवठ्याच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू म्हणजे हे उसने घेतलेले घर. अमेरिकेत येल विद्यापीठात विलार्ड गिब्ज या थोर पदार्थविज्ञानीचा विद्यार्थी आयर्विंग फिशर याने तर बाजार दाखवायला पाण्याच्या टाक्यांचे यंत्र बांधले. त्याला शेअरबाजाराबद्दल खात्री फार. ऑक्टोबर १९२९ मध्ये, घसरगुंडीच्या तोंडावर, त्याने भाव कायमचे उंचावले असल्याचे सांगितले आणि नंतर स्वतःची संपत्ती घालवली. न्यूटनची पंगत त्याला लाभली.

देवाणघेवाण एकतर्फी मात्र नव्हती, आणि हा भाग लोकांना ठाऊक नसतो. बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ केतले याने तारे मोजण्यातल्या चुकांचा घंटेच्या आकाराचा आलेख माणसांना लावला: उंची, गुन्हे, लग्ने. १८३५ मध्ये त्याने या सगळ्याला 'सामाजिक पदार्थविज्ञान' म्हटले. पुढे पदार्थविज्ञानी मॅक्सवेलने वायूंच्या रेणूंच्या गतीचा हिशेब मांडला तेव्हा त्याच्यापुढे हे माणसांचे आलेख होते. म्हणजे जनगणनेची युक्ती वायूंना लागली. बाटलीत कोंडलेला वायू आणि नऊ वाजता विरार लोकलमध्ये कोंडलेले आपण, यांचे नाते तिकडून इकडे आहे तसे इकडून तिकडेही आहे.

पॅरिसमध्ये लुई बाशेलिये याने मार्च १९०० मध्ये रोख्यांच्या भावांवर प्रबंध सादर केला. भावाला दर क्षणी वर-खाली बारीक धक्के बसतात, आणि जसजसा वेळ जातो तसतसा तो पांगत जातो. तोच घाटकोपरचा पूल. आइन्स्टाइनने पाण्यावर तरंगणाऱ्या परागातल्या कणांचे असेच गणित १९०५ मध्ये मांडले, म्हणजे पाच वर्षांनी. बाशेलियेकडे दशकानुदशके कोणी फारसे बघितले नाही. १९७३ मध्ये ब्लॅक आणि शोल्स यांनी ऑप्शनच्या किमतीचे समीकरण काढले, आणि त्याची गाठ सोडवली की ते धातूच्या सळईतून उष्णता पसरते त्याच समीकरणाचे रूप निघते. आपल्याकडे राष्ट्रीय शेअरबाजारात निर्देशांकाचे ऑप्शन २००१ मध्ये सुरू झाले. घाटकोपर पूर्वेला चहाच्या टपरीवर पोरे मोबाइलवर 'कॉल घेतला, पुट मारला' म्हणतात, त्यांच्या बोटाखाली उष्णतेचे समीकरण चालू असते.

कोसंबींची नाणी आणि बाशेलियेचे भाव यांचे गणित एका जातीचे. फरक एकच, आणि मला तो फार मोठा वाटतो. कोसंबींच्या गर्दीला जिना आहे. नाणे वाटेल तितके इकडेतिकडे पांगो, शेवटी झिजतेच. धातू परत येत नाही. भाव परत येतो, म्हणून माणसे त्याच्यावर पैज लावतात. झिजेवर पैज कोणी लावत नाही.

फिशरचा आणखी एक प्रश्न या झिजेशी येऊन भिडतो. १९११ मध्ये त्याने मांडले की बाजारातला पैसा आणि तो हातोहात फिरण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे एकूण व्यवहार. समीकरण वायूच्या नियमासारखे देखणे. पण पैशाचा वेग मोजायचा कसा? अर्थशास्त्रज्ञ तो बाकीच्या आकड्यांवरून काढतात, थेट कोणी बघत नाही. नाण्याची झीज तो थेट दाखवते. जे नाणे जास्त हातांतून गेले ते जास्त हलके. तक्षशिलेच्या नाण्यांवर कोसंबींना मौर्यांच्या काळातला चलनाचा ताणही दिसला: वजने ओबडधोबड, चांदीत तांबे वाढलेले, म्हणजे टांकसाळीमागे घाई लागलेली. इतिहासाच्या पुस्तकात राजाची दिग्विजयाची वाक्ये असतात. त्याच्या तिजोरीची दमछाक त्याच्या नाण्यांत सापडते.

आपल्या देशात पदार्थविज्ञानातून अर्थकारणाकडे आलेले सगळ्यांत मोठे नाव बंगालचे, प्रशांतचंद्र महालनोबिस. प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा हा माणूस १९५६ च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा शिल्पकार झाला. आधी यंत्रे बनवणारे कारखाने, मग बाकीचे, हे त्याचे गणित. कोलकात्यातच १९९५ मध्ये एका परिषदेत युजीन स्टॅन्ली या पदार्थविज्ञानीने 'इकॉनोफिजिक्स' हा शब्द वापरला आणि या सोयरिकीला नाव मिळाले. मला मात्र महालनोबिसांच्या योजनेपेक्षा त्यांची नमुना पाहणी मोठी वाटते, घरोघरी जाऊन कोण काय खातो, काय विकत घेतो ते विचारणारी. तीसुद्धा एक प्रकारची तोलाईच.

*

हे सगळे मी काकांना सांगत होतो असे नाही. त्यांना दुपारचे जेवायचे होते. पण त्यांच्या दुकानात एक गोष्ट बघितली ती सांगतो. कारागीर बसतो त्या जागेखालची धूळ ते झाडून फेकत नाहीत. एका डब्यात साठवतात. पूर्वी ती झारेकरी घेऊन जात आणि पाण्यात धुऊन सोन्याचे कण काढत. सोन्याची घट अशी निदान डब्यात सापडते. रुपयाची घट कुठे जाते? भाजीवालीच्या पदराच्या गाठीत, कंडक्टरच्या चामडी पिशवीत, आपल्या खिशाच्या शिवणीत. या शहराची सगळी चिल्लर मिळून किती धातू आपल्या हातांना चोपडून गेली असेल, याचा झारेकरी अजून जन्मायचा आहे.

आणि आता तर भाजीवालीच्या गाडीवर काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला असतो आणि डबा मोठ्याने ओरडून किती रुपये आले ते सांगतो. असा पैसा झिजत नाही. त्याचा वेग मात्र सेकंदाच्या अंशापर्यंत कुठेतरी नोंदलेला असतो, फक्त तो काट्यावर ठेवून बघता येत नाही, आणि ज्याच्याकडे ती नोंद आहे त्याच्याकडेच ती राहते.

काकांनी माझे तीन रुपये परत रुमालावर ठेवले. सवयीने एक काउंटरच्या काचेवर वाजवून बघितला.

"हा बघ," ते म्हणाले, "हा फिरलेलाच नाही. कोणाच्या तरी गल्ल्यात पडून राहिला असणार. बाकीचे दोन बघ, कडा कशा बसल्यात."

मी मुद्दामच कोणता कुठला ते सांगितले नव्हते. दोन रुपये जुन्या डब्यातल्या चिल्लरीतले होते, कधीकाळी बस आणि भाजीवर फिरलेले. तिसरा आईच्या देवघरातल्या कलशातला. तो वर्षातून एकदाच बाहेर निघतो, दिवाळीत, तांब्याबरोबर चिंचेने घासायला.